चहाचे पैसे: नैरोबीचा नाका आणि आपण बाहेरचे

स्वाहिली शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात ‘चाय’ हा शब्द भेटतो आणि मराठी माणसाला बरं वाटतं. चला, एक शब्द तरी आयता मिळाला. त्याचा दुसरा अर्थ कळायला मात्र गाडी घ्यावी लागते.

मला तो केनियात आल्यावर तिसऱ्या महिन्यात कळला. शनिवारची सकाळ, नैरोबीतून बाहेर पडणारा रस्ता. रस्त्यावर लोखंडी खिळ्यांच्या पट्ट्या आडव्या टाकलेल्या, मधून एका गाडीपुरती नागमोडी वाट. पोलीस साहेबांनी हात केला, मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी लायसन्स पाहिलं, काचेवरचं विम्याचं स्टिकर पाहिलं, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागे बसलेल्या माझ्या मेहुण्याकडे बोट केलं. त्याने पट्टा लावला नव्हता. आपल्याकडे मागचा पट्टा सीटच्या फटीत गाडलेला असतो, त्याला बिचाऱ्याला तो शोधायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. मग साहेबांनी शांतपणे पुढचं दार उघडलं आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले.

“चला, स्टेशनला जाऊ.”

गाडी जागची हलली नाही. दोघांनाही ती हलवायची नव्हती. साहेब म्हणाले, आज शनिवार, कोर्ट सोमवारी. तोवर जामीन भरा, नाहीतर पाहुण्यांना आत बसावं लागेल. मग जरा वेळ कोणीच काही बोललं नाही. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, बाहेर बघत म्हणाले, ऊन फार आहे आज. आणि मग विचारलं, “सासा तुताफान्याजे?”

म्हणजे, मग आता कसं करायचं? हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. फरक इतकाच की आपल्याकडे बहुतेक वेळा ते देणारा म्हणतो: बोला साहेब, कसं करायचं?

मी हजार शिलिंग दिले. साधारण साडेसहाशे रुपये. साहेबांनी मेहुण्याला ‘सफारी न्जेमा’, म्हणजे प्रवास सुखाचा होवो, म्हटलं, पट्टी बाजूला सरकली, आम्ही निघालो. संध्याकाळी घरी येऊन मी दंडाचा तक्ता शोधला. केनियाच्या २०१६ च्या किरकोळ वाहतूक गुन्ह्यांच्या नियमांत चालू गाडीत पट्टा न लावण्याचा दंड आहे ५०० शिलिंग. मी दंडाच्या दुप्पट लाच दिली होती.

मेहुणा अजूनही हा किस्सा लग्नाकार्यात सांगतो. पण मला त्यातलं गणित सुटेना. दंडापेक्षा लाच महाग असेल तर माणूस लाच का देतो?

साहेब काय विकतात

उत्तर साधं आहे, फक्त आपण चुकीच्या वस्तूची किंमत बघत असतो. नाक्यावरचा पोलीस दंड माफ करत नाही. तो तुमचा दिवस तुम्हाला परत विकतो.

नियमांत नोटीस हातात देऊन ठरलेला दंड भरून घ्यायची सोय आहे. पण साहेब नोटिशीचं नावच काढत नाहीत, ते स्टेशनचं नाव काढतात. स्टेशन म्हणजे जामिनाची रोख रक्कम, मग कोर्टाची तारीख, मग त्या सकाळी आरोपींच्या बाकावर मटाटूच्या, म्हणजे खासगी प्रवासी गाड्यांच्या, ड्रायव्हरांच्या रांगेत बसून आपलं नाव पुकारण्याची वाट, मग दंड भरायची वेगळी रांग, आणि जामीन परत मिळवायला पुन्हा स्टेशन. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत अटक झालेल्याला २४ तासांत कोर्टापुढे उभं करा असं कलम आहे, पण ते तास कोर्टाच्या वेळेबाहेर संपत असतील तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. कलम चांगलंच आहे. पण ज्याला शुक्रवारी दुपारी पकडलं त्याच्यासाठी ते सोमवारपर्यंत ताणता येतं, आणि ही गोष्ट नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला पाठ असते. माझ्यासारख्या शनिवारच्या गिऱ्हाइकाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

तर भाव असा ठरतो: तुमच्या दिवसाची किंमत काय, आणि नियम तुम्हाला किती ठाऊक आहेत. महागडी गाडी, मागे पाहुणे, परदेशी लायसन्स, चेहऱ्यावर घाई. साहेब हे सगळं त्या एका प्रदक्षिणेत वाचतात. गाडीत दोष सापडणं ही अडचण कधीच नसते. वाहतूक कायद्याची यादी इतकी लांब आहे की काचेला गेलेला तडा, डिकीत नसलेला परावर्तक त्रिकोण, उडालेला मागचा दिवा, काही ना काही निघतंच. पट्टा न लावल्याचे ५००, लायसन्स जवळ नसल्याचे १,०००, गाडी चालवताना मोबाइल वापरल्याचे २,०००, वेगमर्यादा १६ ते २० किलोमीटरने ओलांडल्याचे १०,००० असा तक्ता आहे. तक्ता पाठ असलेल्या माणसाला भाव वेगळा लागतो, हे मी नंतर स्वतः अनुभवलं. “ऑफिसर, नोटीस द्या, ५०० भरतो,” असं हसून म्हटलं की निम्म्या वेळा साहेबही हसतात आणि जा म्हणतात. उरलेल्या निम्म्या वेळा उन्हात तासभर उभं करतात. त्या तासाचं भाडं आपण आपल्याच खिशातून भरायचं.

एक घोट कुठपर्यंत जातो

या देण्याघेण्याला तिथे दोन नेहमीची नावं आहेत. एक चाय. दुसरं ‘कितु किदोगो’, म्हणजे काहीतरी छोटंसं. आपल्या चिरीमिरीचं सख्खं भावंड. आपण चहापाणी म्हणतो, थाई लोक ‘खा नाम चा’ म्हणतात, शब्दशः चहापाण्याचा खर्च, इंडोनेशियात सिगारेटचे पैसे म्हणतात, मेक्सिकोत ‘मोर्दीदा’, म्हणजे चावा. सगळीकडे शब्द लहान करून घेतलेला. काळा चहा निर्यात करण्यात जगात आघाडीवर असलेल्या देशाने लाचेला चहाच म्हणावं हा योगायोग आहे, पण गोड आहे.

शब्दकोशातले स्वाहिली शब्द वेगळे. एक ‘रुश्वा’, अरबीतून आलेला, आपल्या कानाला ओळखीच्या रिश्वतीचा भाऊ. दुसरा ‘होंगो’, आणि त्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारसमोरच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या टांझानियातून, हस्तिदंतासाठी तांडे आत जायचे. वाटेतल्या प्रत्येक मुखियाला कापड, मणी, तांब्या-पितळेची तार देऊन पुढे सरकायचं. त्या देण्याला होंगो म्हणत. मुखियाच्या लेखी ती जकात होती. माझ्या हद्दीतून जाताय, माझं पाणी पिताय, तर द्या. १८५७ मध्ये निघालेले बर्टन आणि स्पीक यांच्यासारखे इंग्रज प्रवासी मात्र पानंच्या पानं कुरकुर करत राहिले की हे लोक लुबाडतात. या तांड्यांना उधारी देणारे झांझिबारचे कच्छी व्यापारी ते खर्चात धरून मोकळे होत असतील असं मला आपलं वाटतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच बाहेरच्यांच्या दोन जाती पडल्या होत्या, कुरकुर करणारे आणि हिशेबात धरणारे.

होंगो आणि आजचा नाका यांच्यामध्ये इंग्रजांचं राज्य येऊन गेलं, आणि पोलिसाची आजची तऱ्हा त्या काळातून जास्त आली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९-२० पासून, सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा ओळखीचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. पोलिसाचं काम काय, तर रस्त्यावर अडवून तो कागद बघायचा. कागद नाही तर आत. नागरिकाने पोलिसाला बोलावण्यापेक्षा पोलिसाने नागरिकाला अडवण्याची सवय त्या दिवसांपासूनची. साध्या बोलण्यात केनियन लोक आजही ओळखपत्राला किपांडेच म्हणतात.

आता साहेबांच्या बाजूने बघू. केनियात साध्या शिपायाचा सुरुवातीचा मूळ पगार बरीच वर्षं वीस हजार शिलिंगच्या आसपास होता. पोलीस लायनीत एका खोलीत मधे पडदा लावून दोन कुटुंबं राहतात, ही अतिशयोक्ती नाही. २००७-०८ च्या निवडणूक-दंगलींनंतर नेमलेल्या रॅन्स्ली समितीने २००९ मध्ये पोलिसांच्या घरांची अवस्था लिहून ठेवली आहे. पुढे २०२३ मध्ये माजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या समितीने ४० टक्के पगारवाढ सुचवली. नवी समिती, जुना पडदा.

बाहेरून आलेला माणूस इथपर्यंत येतो आणि म्हणतो, बिचारा गरीब आहे, घेतो. मीही बराच काळ असंच म्हणायचो. पण पगाराची गोष्ट अर्धीच आहे. घाना सरकारने २०१० मध्ये पोलिसांचा पगार जवळपास दुप्पट केला. तिथल्या महामार्गांवर ट्रकवाले कुठे किती देतात याच्या नोंदी आधीपासून ठेवल्या जात होत्या, त्यामुळे आधी आणि नंतर असं ताडून बघता आलं. पगार वाढल्यावर पोलीस कमी मागू लागतील असा सगळ्यांचा होरा होता. ते जास्त मागू लागले. पगार वाढला तशा घरच्यांच्या आणि वरच्यांच्या अपेक्षाही वाढल्या असतील, किंवा आता आपण पाच-दहा रुपयांचे राहिलो नाही असं वाटलं असेल. काही असो, रिकाम्या खिशाचं कारण एकटं पुरत नाही हे कळलं.

उरलेली अर्धी गोष्ट नाक्यावरून दिसत नाही, कारण ती वर जाते. केनियात पोलीस सेवा आयोगाने २०१३ च्या अखेरीपासून अधिकाऱ्यांची एकेक करून छाननी सुरू केली. बँकेचे कागद मागवलेच, पण एम-पेसाचे उतारेही मागवले. एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, केनियात ती २००७ मध्ये आली, आपल्या यूपीआयच्या किती तरी आधी. नाक्यावरच्या लोकांच्या उताऱ्यांत काय दिसलं? पगाराशी न जुळणारी जमा, आणि हाताखालच्यांकडून साहेबांच्या नंबरावर ठरावीक वेळाने जाणारे पैसे. पूर्वी पाकीट जायचं, ते कोणी पाहू शकत नव्हतं. इथे लोकांनी स्वतःच्या हाताने तारीखवार वही लिहून ठेवली होती.

आणि ही देण्याची साखळी नाक्याच्याही आधी, भरतीच्या दारातच सुरू होते. जुलै २०१४ मध्ये दहा हजार पोलिसांची भरती झाली. त्यात पैसे घेतल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की पोलिसांवर देखरेख करणारी स्वतंत्र संस्थाच कोर्टात गेली आणि ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने अख्खी भरती रद्द केली. नंतर एप्रिल २०१५ मध्ये गारिसाच्या विद्यापीठावर अतिरेक्यांनी हल्ला करून १४८ माणसं मारली, तेव्हा पोलीस कमी पडले म्हणून राष्ट्राध्यक्ष उहुरु केन्याटा यांनी त्याच दहा हजारांना प्रशिक्षणाला हजर व्हायला सांगितलं. कोर्टाचा आदेश असताना हे कसं, असा गदारोळ झाला आणि निर्णय मागे घ्यावा लागला.

भरतीला ज्याने शेत विकून पैसे दिले, तो पहिल्या दिवसापासून कर्जात असतो. कमाईची जागा मिळवायची तर परत द्यायचे, टिकवायची तर दर आठवड्याला द्यायचे. आपल्याकडे हप्ता म्हणतात तेच. तुमचे हजार शिलिंग साहेबांच्या खिशात जातात हे खरं, पण तिथे मुक्काम किती करतात हे सांगता येत नाही.

रोजचा हप्ता परदेशी माणूस देतच नाही, तो देतात मटाटूवाले. मटाटू म्हणजे चौदा आसनी व्हॅन किंवा रंगवलेली, गाणी लावलेली बस. नाका आला की गाडी पुरती थांबतही नाही. दारात लोंबकळणारा कंडक्टर, त्याला माकांगा म्हणतात, उडी मारून उतरतो, साहेबांशी हात मिळवतो, धावत परत येऊन दारात लटकतो. हात मिळवताना नोट या तळव्यातून त्या तळव्यात. चार सेकंदं. मी पुढच्या सीटवर बसून अनेकदा नजर रोखून पाहिलं, नोट एकदाही दिसली नाही. हा खर्च तिकिटात धरलेला असतो, म्हणजे रोज कामाला जाणारी मोलकरीण चहाचा आपला वाटा सकाळ-संध्याकाळ भरते. आणि गाडीचे ब्रेक कसे आहेत हे बघायला ज्याला उभं केलं, त्याने गाडी थांबवण्याचीच गरज उरत नाही.

आपण बाहेरचे

नैरोबीतल्या परदेशी लोकांच्या कुठल्याही जेवणात पोलिसांचा किस्सा निघतोच. तुझे किती घेतले? दोन हजार? अरे, मी बिस्किटाच्या पुड्यावर सुटलो! हशा पिकतो. मीही माझा दुप्पट दंडाचा किस्सा तिथे विकून खाल्ला आहे. किस्से ऐकता ऐकता लक्षात येतं की बोलणारे साधारण तीन सुरांत बोलतात.

पहिला सूर संतापाचा. हा बहुतेक नव्याने आलेल्यांचा, आणि कधीकधी वकिलातींचा. जुलै २००४ मध्ये ब्रिटनचे उच्चायुक्त एडवर्ड क्ले यांनी नैरोबीतल्या ब्रिटिश व्यापाऱ्यांसमोर भाषण केलं. सत्तेतली माणसं इतकी अधाशासारखी खातात की त्यांना आमच्या बुटांवर ओकारी होते, असं ते म्हणाले. केनियात त्यावर रान पेटलं. कोणी म्हटलं उद्धटपणा, कोणी म्हटलं बरं झालं बोलला. मला त्यातला शब्द महत्त्वाचा वाटतो. स्वाहिलीतही पैसे ‘खातात’, कुला. मराठीतही खातात. क्ले बोलले इंग्रजीत, पण उपमा स्थानिक होती. गंमत अशी की हा सूर लावणारे बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत स्वतः चहा पाजायला लागतात आणि संताप मंत्र्यांपुरता राखून ठेवतात.

दुसरा सूर सोयीचा. ‘काय वाईट आहे? जागच्या जागी काम होतं. आमच्याकडे दंडाची पावती घरी येते आणि विम्याचा हप्ताही वाढतो!’ याला विद्वानांचा आधारही होता. १९६४ मध्ये नॅथॅनियल लेफ या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं होतं की जिथे सरकारी यंत्रणा अडून बसते तिथे लाच वंगणाचं काम करते. ऐकायला पटतं. पण त्यात एक गृहीत लपलंय, की चाक आधीपासून गंजलेलं होतं. चाकाचा मालकच वंगण विकत असेल तर? १९९९ मध्ये डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वे यांनी अनेक देशांतल्या कंपन्यांची उत्तरं तपासली, तेव्हा जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांचा सरकारी माणसांबरोबर घासाघीस करण्यात जाणारा वेळ कमी नव्हे, जास्त निघाला. ज्याच्याकडून मिळतं त्यालाच पुन्हा थांबवतात. यासाठी खरं तर अभ्यासाची गरज नव्हती. माझी गाडी त्या नाक्यावर पुढचे दोन महिने दर शनिवारी थांबवली जायची.

तिसरा सूर संस्कृतीचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. ‘इथली पद्धतच आहे, यांच्या रक्तात आहे.’ डिसेंबर २००२ मध्ये केनियात राष्ट्राध्यक्ष मोई यांची चोवीस वर्षांची राजवट मतपेटीतून गेली. त्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मटाटूतले प्रवासी खाली उतरून पोलिसाने घेतलेले पैसे परत करायला लावत, कधी त्यालाच पकडून स्टेशनात नेत. बाई-बापड्या, शिपाई-कारकून, साधे प्रवासी. आता कोणीतरी वर ऐकून घेईल असं त्यांना वाटत होतं. काही महिन्यांत ते वाटणं विरलं आणि हात मिळवणं पुन्हा सुरू झालं. रक्त तर तेच होतं.

उलट बाजूने न्यूयॉर्कचं उदाहरण आहे. संयुक्त राष्ट्रांतल्या मुत्सद्द्यांना तिथे कायद्याचं कवच असल्यामुळे पार्किंगचा दंड भरावा लागत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोघांनी १९९७ ते २००२ मधल्या न भरलेल्या सुमारे दीड लाख पावत्या देशवार लावल्या. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो, त्यांच्या मुत्सद्द्यांच्या पावत्या जास्त, नॉर्वे-स्वीडनच्या शून्य. इथपर्यंत संस्कृतीवाले खूश होतील. पण २००२ च्या ऑक्टोबरात शहराला थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची मुभा मिळाली आणि नियमभंग जवळपास ९८ टक्क्यांनी घसरले. तीच माणसं, तीच संस्कृती. फक्त गाडी जायची भीती.

आता आपली, म्हणजे मराठी-भारतीय माणसाची गोष्ट. आपला सूर या तिन्हींत बसत नाही. आपण संतापत नाही आणि चकितही होत नाही. आपल्याला वाटतं, हे तर आपल्याला येतं. तोडपाणी, मांडवली, ‘साहेब, बघून घ्या जरा’. गोऱ्यांना दोन हजार पडतात तिथे आपण तीनशेत सुटतो, आणि घरी येऊन ते अभिमानाने सांगतो. मला वाटतं, बाहेरच्यांच्या सगळ्या नजरांत सर्वांत आंधळी नजर हीच, कारण ओळखीचं दिसलं की आपण बघायचं थांबवतो.

केनियात भारतीय वंशाची माणसं किमान सव्वाशे वर्षं आहेत. १८९६ पासून मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले, त्यातले अडीच हजार मेले. गोव्याचे कारकून इंग्रजांच्या कचेऱ्या सांभाळायला गेले. २०१७ मध्ये केनिया सरकारने एशियन समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरी नाक्यावर ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: दुकानदार, पैसेवाला, देऊन सुटणारा. नव्वदच्या दशकातल्या गोल्डनबर्ग प्रकरणाने, ज्यात देशात जवळपास नसलेल्या सोन्याच्या निर्यातीवर सरकारी अनुदान लाटलं गेलं आणि ज्याचा चेहरा एक भारतीय वंशाचा व्यापारी होता, हे चित्र पक्कं केलं. आपण तीनशेत सुटतो तेव्हा त्या चित्रावर आणखी एक हात रंगाचा फिरवतो, आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच जन्मलेल्या, स्वाहिली आपल्यापेक्षा झकास बोलणाऱ्या माणसाला उद्या त्याच भावाने अडवलं जातं.

बाहेरचे सगळे सारखे नसतात हेही नाक्यावरच कळतं. गोऱ्या ‘म्झुंगू’ला पोलीस सहसा जपून हात लावतो, त्याच्यामागे वकिलात असते. आपल्याला हसून हात लावतो. नैरोबीच्या ईस्टली भागातल्या सोमाली माणसाला हसत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमेत तिथून हजारो लोक उचलले गेले, अनेकांना कासारानीच्या स्टेडियममध्ये डांबलं. कागद असलेलेही पैसे देऊन सुटले, नसलेले तर सुटलेच. पोलिसांसाठी आम्ही एटीएम आहोत, असं ईस्टलीत कडवटपणे म्हणतात. तिथे कुणी जेवणानंतर पोलिसांचे किस्से सांगून हशा मिळवत नाही.

कायद्याचं एकदा सांगून टाकतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. केनियाचा २०१६ चा लाचलुचपत कायदा देणाऱ्यालाही घेणाऱ्याइतकाच गुन्हेगार धरतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख शिलिंगपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतातही २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार नोंदवल्यास सुटका आहे. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात नेहमीचं सरकारी काम हलवण्यासाठी दिलेल्या चिल्लर पैशांना सवलत आहे, ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात ती नाही. पण पट्ट्याच्या हजार शिलिंगसाठी कुणा परदेशी माणसाला तुरुंगात टाकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि आपला सगळ्यांचा निवांतपणा त्यावरच उभा आहे.

मी देणं बंद केलं ते कायद्याला भिऊन नाही. दर शनिवारचा कंटाळा आला. तक्ता छापून गाडीत ठेवला, पाचशेच्या नोटिशीचा आग्रह धरायला लागलो. एकदा कोर्टातही जाऊन आलो; साडेआठला गेलो, तीनला सुटलो, शेजारच्या मटाटूवाल्याने मक्याचं अर्धं कणीस दिलं. हे सगळं मी करू शकलो कारण माझ्या पगारातून त्या दिवसाचे पैसे कापले गेले नाहीत. हे लिहिल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही.

पुढे एकदा गाडी दुरुस्तीला होती म्हणून नेहमीच्या टॅक्सीवाल्याबरोबर चाललो होतो. नाक्यावर थांबवलं. मागच्या टायरची नक्षी झिजली आहे, साहेब म्हणाले. टॅक्सीवाल्याचा हात खिशाकडे गेला तसा मी मागून बोललो. नोटीस द्या, ऑफिसर, आम्ही भरतो. माझी स्वाहिली तोवर बरी झाली होती. साहेबांनी वाकून मागे पाहिलं, मुहिंदी दिसला, हातात मोबाइल दिसला. हसून म्हणाले, जा. मला जरा भारी वाटलं. टॅक्सीवाला काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच्याच गाडीत बसलो तेव्हा त्याला विचारलं, तो नाका काय म्हणतो? म्हणाला, दुसऱ्याच दिवशी थांबवलं होतं, एकटाच होतो. किती दिले? तो आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, “दोनशे, बॉस. शंभर माझे, शंभर तुमचे.”